एकास सत्त्याऐंशी

माणसाला एखादा छंद असावा, असें सर्वच म्हणतात. पण तो कोणता असावा हें ठरविण्याचा अधिकार मात्र शेजारीपाजारी आपल्याकडे राखून ठेवतात. टपालाचीं तिकिटें जमविणारा गृहस्थ चिकित्सक ठरतो, गुलाबाचीं कलमें करणारा रसिक ठरतो. परंतु पन्नाशी उलटलेला प्राध्यापक हातभर लांबीची आगगाडी रुळांवर ठेवून तिच्याकडे डोळे बारीक करून पाहूं लागला, कीं त्याच्याविषयीं बोलतांना लोकांचा आवाज आपोआप खालीं येतो. माझ्याविषयीं बोलतांना तो गेलीं बारा वर्षें खालीं येत आहे. "मुलांसाठीं केलेंत का हें?" असें पहिल्या भेटींत प्रत्येकजण विचारतो. मुलें मोठीं होऊन नोकरीला लागलीं, असें मी सांगितलें, कीं दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

खेळणें आणि प्रतिकृति यांतला भेद समजावून सांगण्याची खटपट मीं सोडून दिली आहे. तरी वाचकांना एवढें सांगतों, कीं खेळण्यांतली गाडी धांवूं लागली म्हणजे काम संपतें, आणि प्रतिकृतींतली गाडी धांवूं लागली म्हणजे भांडणास आरंभ होतो. या भांडणांचें माहेर इंग्लंड. तेथें फ्रँक हॉर्नबी या लिव्हरपूलच्या गृहस्थानें १९२० सालीं किल्लीवर चालणाऱ्या गाड्या विकावयास काढल्या. आणि त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, त्याच्या कारखान्यानें ‘हॉर्नबी डब्लो’ या नांवाच्या लहान गाड्या आणल्या. त्यांचें माप फुटास ४ मिलिमीटर. फूट इंग्रजांचा आणि मिलिमीटर फ्रेंचांचा. हा संकर अपुरा वाटला म्हणून कीं काय, त्यांचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर टाकलेले! इंग्लंडांतील खऱ्या रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच. तेव्हां हिशेबानें तें १८.८३ मिलिमीटर हवें. युरोपांत चालणारें साडेतीन मिलिमीटरांचें माप घेतलें असतें, तर रूळ बरोबर जुळले असते. पण इंग्लंडांतील इंजिनें मुळांत ठेंगणीं, आणि त्यांच्या एवढ्याशा पोटांत त्या काळची विजेची मोटर मावेना. म्हणून इंजिन फुगविलें आणि रूळ होते तेथेंच राहिले.

या सव्वादोन मिलिमीटरांवरून तिकडे जे पक्ष पडले, ते अद्याप एक झालेले नाहींत. कोणी १८ मिलिमीटरांवर तडजोड केली. पुढें १९६० नंतर कांहीं कर्मठांनीं १८.८३ च्या खालीं एक केसभरहि उतरावयाचें नाहीं असा पण केला. आपल्याकडे अनुस्वाराच्या टिंबासाठीं जेवढी शाई आटली, तेवढीच तिकडे या अंतरासाठीं आटली असेल. इंजिनावरचीं रिबिटें मोजून पाहणाऱ्या मंडळींना तिकडे ‘रिबिटें मोजणारे’ असेंच म्हणतात. तें दूषण आहे कीं भूषण, हें बोलणाराच्या पक्षावर अवलंबून असतें.

मला या मंडळींविषयीं मनापासून आदर आहे. पीटर डेनी नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाची गोष्ट पाहा. त्यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर ‘बकिंगहॅम’ या काल्पनिक शाखामार्गाची प्रतिकृति उभारली आणि आयुष्यभर ती वाढविली. तिच्यावर गाड्या वेळापत्रकाप्रमाणें धांवत. एका स्टेशनाचा कारभार त्यांचा मुलगा क्रिस्पिन पाही. मुलें मोठीं होतात आणि घराबाहेर पडतात. क्रिस्पिनहि मोठा झाला. तेव्हां वडिलांनीं, घंटांचे इशारे देऊन समोरच्या टोकाकडून गाड्या स्वीकारणारें व सोडणारें एक यंत्र तयार केलें आणि त्याला नांव दिलें, ‘स्वयंचलित क्रिस्पिन’. या नांवावर हंसावें कीं गहिंवरावें, हें मला आजतागायत ठरवितां आलेलें नाहीं.

आपल्याकडे हा छंद अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. पुण्यास कोथरुडांत जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं सुरू झालें, आणि तेथें मुलांपेक्षां बापच अधिक वेळ रेंगाळतांना मीं पाहिले आहेत. पण आपल्या मोठ्या गाडीची प्रतिकृति करावयाची म्हटली, कीं अडचण रुळांपासूनच सुरू होते. आपले रुंद रूळ ५ फूट ६ इंचांचे. बाजारांत सर्वत्र मिळणारे १६.५ मिलिमीटरांचे रूळ एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाला इंग्लंड-युरोपच्या रुंदीचे ठरतात. आपल्याला १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक हवेत. याउलट बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ २ फूट ६ इंचांचे, म्हणजे या प्रमाणांत पाऊणे-नऊ मिलिमीटर; आणि बाजारांत ९ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटराच्या फरकावर भांडण करण्याइतका कर्मठ मी नाहीं. मीं बार्शीची गाडी निवडली.

अर्थात् हें कारण मी छंदिष्ट मंडळींना सांगतों. खरें कारण असें, कीं लहानपणीं आजीबरोबर मी त्याच गाडीनें कुर्डुवाडीहून पंढरपुरास जात असें. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें ती बार्शीपर्यंत नेली. १९०६ सालीं ती पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोंचली. हलके रूळ, आणि इंजिन असो वा डबा, कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हें त्याचें सूत्र होतें. पुढें स्टॅफर्डशरमधील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे त्यानेंच बांधली. ती १९०४ सालीं सुरू झाली आणि १९३४ सालीं बंद पडली. तिच्या इंजिनांना हिंदुस्थानी थाटाचे भलेमोठे दिवे होते. इंग्लंडांतील अरुंद रुळांच्या भक्तांना ही तीस वर्षें जगलेली रेल्वे अतिशय प्रिय आहे, तिच्या प्रतिकृति कितीतरी आहेत; पण तिची थोरली बहीण, जिनें शंभराहून अधिक वर्षें सोलापूर जिल्ह्याचें ओझें वाहिलें, तिची आठवण आपल्याच लोकांना राहिलेली नाहीं. आतां ते सर्व मार्ग रुंद झाले आहेत, आणि तें योग्यच झालें. लोकांना वेळेवर पोंचावयाचें असतें. माझ्या आठवणींसाठीं त्यांनीं तासन् तास डुलत जावें, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं.

कुर्डुवाडी ते पंढरपूर अंतर सुमारें ५२ किलोमीटर. सत्त्याऐंशीनें भागिलें तरी तें सहाशें मीटरांच्या आसपास भरतें. माझ्या टेबलाची लांबी आठ फूट, आणि तीहि वाटाघाटींनंतर मिळालेली. म्हणून प्रतिकृति करणें म्हणजे लहान करणें नव्हे. काय गाळावयाचें हें ठरविणें होय. मीं एकच मधलें स्टेशन घेतलें आहे. त्याचें नांव सांगत नाहीं. नाहीं तर त्या गांवचे लोक फूटपट्टी घेऊन येतील. वापरून वाळविलेली चहाची पूड म्हणजे तेथली काळी जमीन, चाळलेली रांगोळी म्हणजे रुळांखालची खडी, नारळाच्या शेंडीचे तंतु म्हणजे उन्हाळ्यांतलें वाळकें गवत, आणि पिळलेल्या तारेला भुसा चिकटविला म्हणजे बाभूळ.

हें सर्व जमलें. प्रश्न उरला माणसांचा. रिबिटें मोजणारे माझे एक स्नेही म्हणतात, "माणसें ठेवूं नका. गाडी हलते आणि माणसें हलत नाहींत. त्यामुळें सगळें खोटें दिसतें." तर्क बिनतोड आहे. इंग्लंडांतल्या एखाद्या शाखामार्गावर, जेथें दुपारच्या गाडीला चार उतारू आणि एक दुधाचा डबा एवढीच वर्दळ असे, तेथें तो मानावाहि. पण पंढरपूरच्या गाडीला तो लावावा कसा? यात्रेच्या दिवसांत त्या गाडीला आकार असा नसेच. माणसें होतीं, आणि माणसांच्या मधून कोठें कोठें डबा दिसे. ओस पडलेल्या फलाटावर तंतोतंत मापाची गाडी उभी केली, तर रूळ खरे होतील, आणि स्टेशन खोटें होईल.

ऑक्सफर्डशरमध्यें रॉय इंग्लंड नांवाच्या गृहस्थानें १९५४ सालीं ‘पेंडन’ नांवाचें एक संग्रहालय स्थापिलें. तो ऑस्ट्रेलियांतून १९२५ सालीं आला होता, तो रेल्वेच्या वेडापायीं. पण व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यांतलीं गवतानें शाकारलेलीं घरें डोळ्यांदेखत बदलूं लागलेलीं पाहून त्यानें तें सगळें खोरें, फुटास ४ मिलिमीटर या मापानें, जतन करावयाचें ठरविलें. काम त्याच्या हयातींत पुरें झालें नाहीं. तो १९९५ सालीं वारला, आणि इतरांनीं तें पुढें चालविलें. रेल्वेसाठीं आलेला माणूस अखेर घरांच्या शाकारणींत आणि परसांतल्या भाजीपाल्यांत रमला, यांतच या छंदाचें मर्म आहे असें मला वाटतें. मापांची शिस्त हवीच. त्या शिस्तीमुळेंच माणूस वस्तूकडे नीट पाहावयास शिकतो. पण नीट पाहूं लागलें, कीं दृष्टि रुळांवर थांबत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत माझे मामा आले होते. त्यांची सारी नोकरी त्याच मार्गावर झाली. आतां वय पंचाऐंशी, एका डोळ्यानें अंधुक दिसतें. मीं त्यांना टेबलाजवळ खुर्ची दिली आणि गाडी सुरू केली. त्यांनीं इंजिनाकडे पाहिलें नाहीं, रुळांकडेहि नाहीं. फलाटाच्या टोकाला निंबाखालीं मीं पाण्याचा रांजण ठेवला होता. मण्याचा केलेला, जेमतेम सात मिलिमीटर उंचीचा. वांकून बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "अरे, हा भरलाय ना? यात्रेची गाडी यायची असली म्हणजे आधीं रांजण बघायचा. माणसं उतरतात ती पहिल्यांदा पाण्याकडे धावतात."

"भरलाय, मामा," मी म्हणालों.

"मग ठीक," असें म्हणून ते खुर्चींत टेकले, आणि त्यानंतर त्यांनीं गाडी पाहिली.

बाजारांत मिळणारीं लहान माणसें युरोपांतलीं. त्यांच्या अंगांत कोट आणि डोक्यांत हॅट. तेव्हां वारकरी घरींच घडवावे लागतात. पुरा वाढलेला माणूस १९ मिलिमीटर. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाईस तीन मिलिमीटर अधिक. "अहो, तुमच्या स्टेशनावर संचारबंदी आहे का?" असें विचारणाऱ्या सौभाग्यवतींनीं फेट्यांना पांढरा रंग देण्याचें काम आपण होऊन पत्करलें आहे, आणि तें त्या माझ्याहून चांगलें करतात. आजपर्यंत एकशें त्रेसष्ट झाले. आषाढीपूर्वीं दोनशें पुरे व्हावेत, असा आमचा मानस आहे.