आईची शेगडी

आमच्या घरी गॅसची शेगडी आली त्या दिवशी मी घरी नव्हते. 2024 चा मार्च महिना होता आणि माझी बारावीची परीक्षा चालू होती. पेपर सोडवून, सायकलने वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला परतले, तो दारात शेजारच्या बायकांची ही गर्दी! क्षणभर काळजात धस्स झाले. आत जाऊन पाहते तर भिंतीशी तांबडे सिलिंडर उभे, त्याच्या शेजारी दोन बर्नरची चकचकीत शेगडी, आणि आई तिला हळदकुंकू वाहते आहे. नवी गाय दारी यावी तसा सारा थाट होता.

गरीब घरातील स्त्रीच्या नावाने गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला तिला आठ वर्षे लागली. बांधीचा सातबारा बाबांच्या नावाचा, विजेचे बिल अजूनही आजोबांच्या नावाने येते. गॅसचे पुस्तक मात्र आईच्या नावाचे. तिने ते देवाच्या फोटोमागे ठेवले. शेगडीही जणू देवाचीच झाली. धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्याने ती झाकलेली असे. पाहुणा आला तरच तो तुकडा निघायचा, चहा व्हायचा, की पुन्हा झाकण. आमचा रोजचा भात मात्र पूर्वीसारखाच चुलीवर शिजत राहिला.

मला याचा फार राग यायचा. मी कॉलेजात जाऊ लागले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देण्याचा परवाना आपल्याला मिळाला आहे, असे मला वाटू लागले होते. मी आईला म्हणाले, "एवढी शेगडी असून तू धुरात का बसतेस?"

आई म्हणाली, "लाकूड सरते ते दिसते. हा गॅस सरते ते दिसत नाही ना व!"

मी हसले. तेव्हा मला ते अडाणीपणाचे बोलणे वाटले. आज वाटत नाही.

आमच्या सांदवाडीत लाकडांची रास असते. बाभूळ, पळस, तुरीच्या काड्या, जे मिळेल ते. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा ही रास पाण्याखाली गेली आणि त्यातली बरीच लाकडे वाहून गेली. उरली ती महिनाभर ओलीच होती. ती फुकणीने फुंकून पेटवताना आईला जो खोकला लागला, तो पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात पाहुण्यासारखा येऊ लागला. धुराचे हे दुःख आमच्या एकट्याच्या घरचे नाही. घरातल्या चुलींच्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याच विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत, धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली. म्हणजे शहाण्या माणसांनी या धुराचा विचार फार पूर्वीच केला होता. आमच्या घरापर्यंत मात्र ना ती चूल आली, ना तो विचार.

2024 च्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत आईचा खोकला वाढला. दिवसभर चिखलात वाकून ती घरी यायची आणि ओल्या लाकडांपुढे पुन्हा वाकायची. शेवटी बाबाच म्हणाले, "आता गॅसवरच रांध." शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी असे जोडणी देताना सांगितले होते, म्हणून बाबांनी विटांचा ओटा बांधला आणि वर फरशी टाकली. जन्मभर बसून स्वयंपाक करणारी आई आता उभी राहिली. ती उंचीने लहान. ओटा उंच झाला. मग बसण्याचा पाट तिने उभे राहण्यासाठी घेतला. त्या पाटावर उभी राहून वरणाला फोडणी देणारी आई पाहून आजी म्हणाली, "आता भाषण दे बाप्पा!" आम्ही सारे पोट धरून हसलो.

पण ते हसू एकोणतीस दिवसच टिकले. तिसाव्या दिवशी सकाळी चहा अर्धा झाला असतानाच जाळ फुसकन विझला.

घरात शांतता पसरली. एक सिलिंडर भरून आणायचे म्हणजे आईची चार दिवसांच्या रोवणीची मजुरी. उज्ज्वलेच्या सिलिंडरमागे तेव्हा 300 रुपये खात्यात परत येत, आणि वर्षाला तीन सिलिंडरसाठी राज्याची अन्नपूर्णा योजनाही 2024 मध्ये आली, हे खरे. पण पैसे आधी मोजायचे असतात आणि मिळायचे ते मागाहून. हातातला पैसा आणि खात्यातला पैसा यांतले अंतर ज्याच्या घरी महिनाअखेर असते त्यालाच कळते. बाबा काही बोलले नाहीत. ते सांदवाडीत गेले आणि कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला. आईने मुकाट्याने चूल सारवायला घेतली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मीच हट्ट धरला होता. आता शेगडी पुन्हा झाकली गेली असती, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच खोकला. मी ठरवले की चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस एकोणतीस दिवसांत गेला कुठे, हे शोधून काढायचेच.

नवे सिलिंडर आल्यावर मी आठ दिवस नुसती पाहत बसले. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीने गॅसच्या उष्णतेपैकी निदान 68 टक्के उष्णता भांड्याला पोचवली पाहिजे. पण आमच्या घरची शेगडी भांड्यापेक्षा भिंतच जास्त तापवत होती. चुलीच्या सवयीने आई मोठा बर्नर पूर्ण सोडायची; लहान पातेल्याच्या बुडाखालून ज्वाळा बाहेर येऊन कडांवरून वर जायच्या. बर्नर आधी पेटायचा आणि कांदा मग चिरायला घेतला जायचा. डाळ उघड्या गंजात रटरटत असायची. शिवाय दोनदा दूध उतू गेले होते आणि लहान बर्नरची छिद्रे बुजली होती. त्याचा जाळ निळा नव्हता, पिवळा होता. पिवळा जाळ म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो नीट जळत नाही. भांड्यांची बुडे काळी होत होती ती त्यामुळे. आम्ही मात्र समजत होतो की काळे होणे हा भांड्याचा धर्मच आहे.

मी बर्नर काढला, गार पाण्यात साबणाने धुतला, सुईने एकेक छिद्र मोकळे केले, उन्हात कोरडा करून बसवला. जाळ निळाशार झाला. मग माझे व्याख्यान सुरू झाले. पाणी 100 अंशांना उकळू लागले की जाळ कितीही मोठा केला तरी ते त्याहून जास्त तापत नाही, जास्तीचा गॅस नुसती वाफ करण्यात जातो. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. 1679 साली डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने असले पहिले भांडे तयार केले. आई तांदूळ निवडत ऐकत होती. पापिनचे नाव ऐकून ती म्हणाली, "त्याच्या घरी कोन रांधत होता?" याचे उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालेले नाही.

मग आई म्हणाली, "भात मी चुलीवर कसा करत होतो, ते सांग बरं."

मी आठवू लागले, आणि बोलता बोलता थांबले. आई भात पूर्ण शिजेपर्यंत जाळ ठेवतच नसे. आधण आले, तांदूळ वैरले, कण थोडा कच्चा असतानाच ती लाकडे मागे ओढायची. उरलेला भात निखाऱ्यावर मुरायचा. बाजूच्या वैलावर आंघोळीचे नाही तर भाजीचे पाणी आपोआप तापत असे. गंजावरच्या झाकणात ती पाणी ठेवायची आणि डाळ आटली की तेच कोमट पाणी आत घालायची. डाळ तर शेतावर जातानाच भिजत घातलेली असायची. म्हणजे मी पुस्तकातून जे शोधून आणले होते, ते तिला लग्नाआधीपासून येत होते. नव्या शेगडीपुढे मात्र ती आपले सारे शहाणपण चुलीजवळ सोडून आली होती. नवी वस्तू, सरकारी वस्तू. तिच्यापुढे आपले काय चालणार, असे तिला वाटले असावे. आणि माझ्यासारखी शिकलेली मुलगी तिला अडाणी समजून हसत होती!

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून त्या शेगडीला वळण लावले. सगळे चिरून, निवडून झाल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही. तांदूळ अर्धा तास आणि डाळ त्याहून अधिक भिजली पाहिजे. कुकरची पहिली शिटी झाली की आच मंद. भात होण्याच्या थोडा आधी गॅस बंद आणि गंज गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचा; निखाऱ्यांचे काम गोधडी करते. रात्री रेग्युलेटर बंद केल्याशिवाय कुणी झोपायचे नाही. वास आला तर दार उघडायचे, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. हे शेवटचे आजीलासुद्धा पाठ आहे. आंघोळीचे पाणी मात्र सांदवाडीतल्या चुलीवरच तापते, आणि सणाला मडक्यावरची लांब रोटीही तिथेच होते. त्या रोटीपुढे आमच्या शेगडीचे काही चालत नाही.

कॅलेंडरवर मी सिलिंडर लावल्याच्या तारखेला खूण केली होती. हे सिलिंडर त्रेचाळीस दिवस चालले. चौदा दिवस जास्त! बाबांनी दोनदा मोजले. कुऱ्हाड खुंटीला गेली. 2025 च्या पावसाळ्यात आई खोकलली, पण पूर्वीसारखी रात्र रात्र नाही. ती बरी झाली असे मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांचा धूर एका वर्षात निघत नसतो.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झाले असते. पण एक सांगायचे राहिले. लाकडे आणणे, फुंकणे, काळी भांडी घासणे, यातला रोजचा तास-सव्वा तास वाचू लागला. तो कुणाला मिळाला? मी समजत होते, आईला. पुढे पाहते तर ती त्या वेळात शेजारच्या घरचे धान पाखडायला जाऊ लागली होती. सिलिंडरचे पैसे आधी मोजावे लागतात ना, त्याची ती तजवीज. शेगडीने वाचवलेला तास सिलिंडरनेच घेतला होता.

तेव्हापासून संध्याकाळचा स्वयंपाक मी करते. मोठी गोष्ट नाही. अभ्यास त्याआधी किंवा नंतर होतो. परवा भात गोधडीत गुंडाळून बाहेर आले, तर आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. हातात सूप नव्हते, विळा नव्हता, काहीच नव्हते. मी विचारले, "काय करतेस?"

ती म्हणाली, "काई नाही." आणि पुलावरून जाणाऱ्या ट्रकांचे दिवे पाहत राहिली.

मीही तिच्याशेजारी बसले. भात मुरायला अजून अवकाश होता.

— द्वितीय वर्ष, कला