दोन खोपोली द्या!

पाली म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकांना आठवते ती अष्टविनायक टूरची बस. दर्शनाची रांग, बाहेर पोह्याच्या पापडांची पाकिटं आणि ‘चला चला, अजून महड बाकी आहे’ म्हणून ओरडणारा टूरवाला. पालीत मुक्कामाला जायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्या येतं, कारण ते माझं आजोळ. यंदा जूनमध्ये मात्र बरोबर एक पाहुणी होती. न्यू जर्सीची माझी मामेबहीण, वय वर्षं वीस. समर स्टडी अब्रॉडला आली होती. कुठे? पुण्यात. काय शिकायला? मराठी!

हसू नका. अमेरिकन मुलांनी इथे येऊन मराठी शिकणं ही काही आजची फॅशन नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही तिकडच्या विद्यापीठांची संस्था १९६१ मध्ये सुरू झाली आणि पुण्याशी तिचं नातं अगदी सुरुवातीपासूनचं. फलटणला राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं केली, तीही १९७० च्या दशकात. आंबेडकरी चळवळीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या एलिनॉर झेलियट, महानुभावांचा अभ्यास करणाऱ्या अॅन फेल्डहाउस, ही सगळी परदेशातून येऊन मराठी शिकलेली मंडळी.

पण या सगळ्यांची एक सोय होती. त्यांचं आडनाव मराठी नव्हतं.

गोऱ्या माणसाने नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी आपण टाळ्या वाजवतो. मराठी आडनावाच्या, सावळ्या मुलीने ‘मी काल आला’ म्हटलं, की आख्खं दुकान हसतं. माझ्या बहिणीचे पहिले चार दिवस असेच गेले. चाचणी झाली आणि तिला थेट बिगरीत बसवलं. शेजारच्या बाकावरचा ओहायोचा मुलगा ‘ळ’ असा काही म्हणायचा, की ऐकत राहावं. ज्यांच्याकडे राहायची सोय केली होती, त्या घरातल्या मुलांना तिच्याशी इंग्लिश बोलायची भारी हौस. रिक्षावालाही तिचं पहिलं वाक्य ऐकून इंग्लिशवर यायचा. चौथ्या रात्री तिने बापाला फोन केला, की तिकीट बदल, मला परत यायचंय. मामाने मला फोन केला. ‘शनिवारी तिला आईकडे घेऊन जा. मग बघू.’

म्हणून आम्ही लोणावळा-खोपोलीमार्गे पालीला. खोपोलीपासून एसटीने चाळीसेक किलोमीटर. पाऊस नुकताच लागला होता, खाचरांत भाताची रोपं हिरवीगार, डोंगरावर कालपर्यंत नसलेले धबधबे. वाटेत जांभूळपाडा लागतं. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने एका रात्रीत या गावाची दैना केली, ती गोष्ट इकडचा प्रत्येक म्हातारा माणूस सांगतो. मग सरसगड दिसायला लागतो. लोक त्याला पगडीचा किल्ला म्हणतात आणि तो दिसतोही तसाच. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत, पण पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नका. हिवाळ्यात जा.

आजी ब्याऐंशीची. कानाने कमी ऐकू येतं. हे फारच कामाचं ठरलं! बहिणीने पुस्तकातलं छान वाक्य हळूच म्हटलं, ‘आजी, आपली प्रकृती कशी आहे?’

‘काय म्हणतेस गं? तोंडातल्या तोंडात बोलू नको.’

पुन्हा म्हटलं, जोरात. आजी म्हणाली, ‘आपली काय आपली? तुझी म्हण. बरी आहे. चहा घेतेस?’

आजीला इंग्लिश येत नाही, त्यामुळे पळवाट नव्हती. पडवीत फणसाचे गरे सोडवता सोडवता दोघींचं चाललं होतं. ‘मी आला.’ ‘आले म्हण.’ ‘मी आले, बसमधून.’ ‘बसने.’ तांदळातला खडा काढून टाकावा, तशी आजी चूक बाजूला करायची आणि पुढे जायची. हसणं नाही, कौतुकही नाही. मला वाटतं, कौतुक नसणं हेच तिला जास्त बरं वाटलं असावं. चार दिवस एक तर हसू मिळत होतं, नाहीतर ‘वा वा’.

संध्याकाळी देवळात गेलो. टूरची गर्दी ओसरलेली असते तेव्हा. दगडी देऊळ अठराव्या शतकातलं, त्याआधीचं लाकडी होतं. वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी दिलेली घंटा इथे आहे. अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकच, बल्लाळेश्वर. पण आधी मागच्या धुंडीविनायकाला नमस्कार करायचा, हा इथला नियम. ‘का?’ असं बहिणीने विचारलं, तेव्हा आजी पायरीवर बसली आणि गोष्ट सांगायला लागली.

कल्याणशेठ वाण्याचा मुलगा बल्लाळ. गावातल्या पोरांना घेऊन रानात जायचा, दगडाला गणपती मानून पूजा करायचा. पोरं घरी उशिरा यायची. गावाने तक्रार केली, बापाला राग आला. त्याने बल्लाळला मारलं, झाडाला बांधलं आणि दगड फेकून दिला. बल्लाळने धावा केला, गणपती ब्राह्मणाच्या रूपात आला, त्याला सोडवलं आणि तिथेच राहिला. फेकलेला दगड तो धुंडीविनायक. म्हणून त्याचा मान पहिला.

बहिणीला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाबा नंतर सॉरी म्हणाला?’

‘कोणाचा बाबा?’

‘बल्लाळचा.’

‘ते पोथीत नाही बाई.’ मग आजीने विचारलं, ‘तुझ्या बाबाने तुला मराठी का नाही शिकवलं?’

ती शब्द शोधत होती. मी मध्ये पडणार होते, आजीने हाताने थांबवलं. ‘त्याला वाटला... वाटलं... मला शाळेत मुलं हसतील.’

आजी काही बोलली नाही. घरी आल्यावर गरम भातावर कुळथाचं पिठलं वाढताना तिच्या ताटात तूप मात्र जरा जास्तच पडलं. रात्री मामाचा फोन आला, तेव्हा बहीण परसदारी जाऊन बराच वेळ बोलत होती. मला ऐकू आलं ते एवढंच, ‘नाही, मराठीत बोल.’

रविवारी सकाळी उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाऊन आलो. तीनेक किलोमीटर, गंधकाचा वास, पाय बुडवायला मस्त. दुपारी एसटी स्टँडवर चिकार गर्दी होती, तरी खिडकी मिळाली.

कंडक्टरने विचारलं, ‘कुठे?’

‘दोन खोपोली द्या,’ बहीण म्हणाली.

‘सुट्टे द्या.’

‘सुट्टे नाहीत ओ.’

त्याने मानसुद्धा वर केली नाही. मशीनमधून तिकीट फाडलं, तिच्या हातावर ठेवलं आणि पुढच्या सीटकडे वळला. तिने ते तिकीट वहीत घातलं. विमानाचं तिकीट अजून ऑगस्टचंच आहे.