आपलाच माणूस

बावीस वर्षांची नोकरी आणि वैयक्तिक नस्तीत एकही मेमो नाही. गोपनीय अहवाल काढून पाहिले, तर ओळीने 'चांगला', 'चांगला', दोन ठिकाणी चक्क 'कार्यक्षम'. ज्या माणसाचं नाव निघालं की गटविकास अधिकारी कपाळाला हात लावायचे, त्याचा हा कागदावरचा चेहरा. 2012 साली मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत मी अधीक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हाची ही गोष्ट.

अख्खं कार्यालय त्यांना चाचा म्हणायचं. पद वरिष्ठ सहायक, टेबल घरकुलांचं. इंदिरा आवासचा हप्ता अडला की खेड्यातला माणूस फेऱ्या मारायचा आणि चाचा कपाटाची किल्ली खिशात घालून चहाला गेलेले असायचे. कुणी बोललंच, तर आठवड्याभरात त्याच्याविरुद्ध निनावी अर्ज जिल्हा परिषदेत पोहोचलेला. दोन कनिष्ठांना एकमेकांवर पेटवून द्यायचं आणि मग समेट घडवायला आपणच पुढे व्हायचं, यात तर त्यांचा हातखंडा. आधीच्या अधिकाऱ्यांनी यावर एकच उपाय केला होता, टेबल बदलायचं. सात वर्षांत पाच टेबलं झाली. उपद्रव मिटला नाही, सगळ्यांना थोडा थोडा वाटून मिळाला.

तिसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. तुमचाच माणूस आहे, तुम्हीच सांभाळा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "साब, अपनाच आदमी है. जरा संभाल के लेना." सकाळी आणि संध्याकाळी शब्द तेच. एकाला मी चाचांना वेसण घालावी असं वाटत होतं, दुसऱ्यांना मी त्यांच्यावर छत्री धरावी असं. कपाटात अडकलेल्या फायलींबद्दल मात्र दोन्हीकडे कुणी अवाक्षर काढलं नाही.

शुक्रवारचा प्रकार तर वेगळाच. चाचा साडेबाराला उठायचे आणि चारला परत यायचे. नमाजला गेलेत म्हटल्यावर विचारणार कोण? काहींना संकोच, काहींना प्रकरण भलतीकडे जाईल अशी भीती. मला दोन्ही नव्हतं, कारण मी त्याच मशिदीत जायचो. दीडची जमात. दोनला पाच कमी असताना लोक चपला शोधायला लागतात. सुन्नत, दुआ सगळं धरलं तरी सव्वादोनला माणूस खुर्चीत बसलेला हवा. चाचांचा उरलेला वेळ एस. टी. स्टँडजवळ, प्लॉटचे व्यवहार करणाऱ्या एका दुकानात जायचा.

आणि याची किंमत भलताच कुणीतरी मोजत होता. आमच्याकडे एक नवा कनिष्ठ सहायक होता, सहा महिन्यांची नोकरी. तोही शुक्रवारी जायचा. जेवण सोडून जायचा आणि चाळीस मिनिटांत परत यायचा. पण तो उठला की कुणीतरी म्हणायचं, "झाली का सुट्टी?" शेवटी त्याने जाणंच बंद केलं. स्वतःहून बोलला नाही. सफमध्ये दिसेना, म्हणून मी विचारलं तेव्हा कळलं. चाचांवरचा माझा खरा राग इथला आहे.

तरी सुरुवात मी त्यांच्या सेवापुस्तकापासून केली. बारा वर्षांच्या सेवेनंतरचा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ त्यांना मंजूर झाला होता, पण फरकाची रक्कम चार वर्षं निघालेली नव्हती. कारण काय, तर जुन्या कार्यालयातल्या काही महिन्यांच्या सेवेच्या पडताळणीखाली सही नव्हती. चाचा प्रत्येक बैठकीत यावरून ओरडायचे, आणि ते ओरडतात म्हणूनच कुणी बघत नव्हतं. मी परिचराबरोबर सेवापुस्तक पाठवून सही आणवली, देयक सादर केलं. अडीच महिने लागले. चाचा आभार मानायला आले नाहीत, मी वाटही पाहिली नाही. मला फक्त त्यांच्या आरड्याओरड्यातून खरं गाऱ्हाणं बाजूला काढायचं होतं. उरलेला नुसता उपद्रव किती, ते त्याशिवाय कसं कळणार?

मग दाराशी हालचाल नोंदवही ठेवली. सगळ्यांसाठी. शुक्रवारची पहिली नोंद माझी : बाहेर 1.15, परत 2.05. तिच्याखाली त्या नव्या मुलाची. सोमवारी प्रत्येकाची कार्यविवरण नोंदवही माझ्या टेबलावर येऊ लागली. चाचांचं टेबल मी बदललं नाही. महिन्याभरात त्यांच्याकडची थकलेली प्रकरणं तारखेसकट समोर आली. मेमोत 'तुम्ही उद्धट आहात' असलं काही लिहिलं नाही. आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, अद्याप कार्यवाही नाही, तीन दिवसांत खुलासा करा, एवढंच. तीन मेमोंना मिळून एक खुलासा आला, चार पानी. त्यात माझ्या आजोबांपर्यंत सगळे आले, आवक क्रमांक तेवढा आला नाही.

मधल्या काळात पुतण्याच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज आला, माझी प्रवास भत्ता देयकं हवीत म्हणून. मुदत तीस दिवसांची; आम्ही नवव्या दिवशी प्रती दिल्या. पाठोपाठ निनावी अर्ज, की मी माझ्या समाजाच्या माणसाला पाठीशी घालतो. आणि त्याच आठवड्यात मोहल्ल्यात चर्चा, की मी साहेबांना खूश करायला आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देतोय!

साहेबांना निलंबन हवं होतं. मी विरोध केला. मुळात निलंबन ही शिक्षाच नाही. घरबसल्या निर्वाह भत्ता म्हणून साधारण निम्मा पगार मिळतो, चौकशी रेंगाळली तर तीन महिन्यांनी तो पाऊणपर्यंत वाढू शकतो, आणि अर्ज लिहायला अख्खा दिवस मोकळा. बडतर्फीसारख्या मोठ्या शिक्षेला 1964 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे रीतसर विभागीय चौकशी लागते. वेतनवाढ रोखायची तर दोषारोप कळवून, खुलासा घेऊन, त्याचा विचार करून आदेश काढता येतो. एक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखावी, असा प्रस्ताव गेला. सोबत दुसराही गेला, बांधकामाच्या टेबलावरच्या सहायकाचा. तशीच थकबाकी, तसेच मेमो, तेवढीच शिक्षा. तो कुणाचा 'माणूस' आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही आदेश एकाच दिवशी आले. "मानलं तुम्हाला, आपला-परका पाहिलं नाही," असं चाचांच्या आदेशावरून चौघांनी तरी येऊन सांगितलं. दुसऱ्या आदेशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती शाबासकी मला आजही खुपते.

चाचा सुधारले का? फारसे नाही. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे आली, फायली हलू लागल्या. शुक्रवारी ते अडीचच्या आसपास यायला लागले. तोंड तेवढंच कडू राहिलं. त्यांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. वर्ष भरलं तेव्हा त्यांचा अर्ज आला, रोखलेली वेतनवाढ पूर्ववत करून सेवापुस्तकात नोंद घ्यावी. मी हिशोब तपासला, बरोबर होता. त्याच दिवशी टिपणी लिहून वर पाठवली. अर्जात शिक्षेच्या आदेशाचा जावक क्रमांक आणि दिनांक दोन्ही बिनचूक होते.