चिमटा, चाकोरी आणि तेरची वाट

मित्रांनो, तुम्ही कधी बैलगाडीत बसला आहात? बसला असाल, तर एक गोष्ट नक्की आठवत असेल. गाडी मऊ मातीतून चालली, की कसं झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं! पण चाक दगडावर चढलं, की तो दगड जणू थेट आपल्या कमरेतच येऊन बसतो. कारण साध्या बैलगाडीला कमानी नसतात. चाक, आस, फळ्या आणि आपण. मध्ये धक्का अडवणारं दुसरं कोणीच नाही.

साध्या सायकलचं पुढचं चाकही असंच. ते ज्या दोन पायांत धरलेलं असतं, त्याला सायकलवाले म्हणतात 'चिमटा'. चिमटा सरळ लोखंडी असेल, तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा तुमच्या मनगटाला येऊन सलाम ठोकतो. पण काही सायकलींच्या चिमट्यात मोटारसायकलसारखे शॉकअप असतात. अशाच एका चिमट्याची ही हकीगत आहे. ती घडली धाराशिवला. (तुमच्या आईबाबांच्या शाळेच्या नकाशात 'उस्मानाबाद' असेल बरं का! २०२३ साली शहराचं आणि जिल्ह्याचंही नाव अधिकृतपणे धाराशिव झालं.)

माझी बहीण तिथे राहते. तिची दोन मुलं, भाचा पंधरा वर्षांचा आणि भाची तेरा वर्षांची. दोघांत मिळून एकच डोंगरी सायकल. तिचा मूळचा चिमटा जुना, आतली स्प्रिंग गंजून जाम झालेली. दोघांनी वर्षभर पैसे साठवले, थोडी भर त्यांच्या बाबांनी घातली आणि दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा फर्मान निघालं : "मामा, नवा चिमटा घ्यायचाय. तू चल!"

आता चिमटा म्हणजे काही वही-पेन नव्हे, की गेलो दुकानात आणि आणला. आधी घरी बसून मापं घ्यावी लागतात. चाक सव्वीस इंची, साडेसत्तावीस की एकोणतीस? चिमट्याची वरची नळी सायकलच्या पुढच्या गळ्यातून वर जाते, ती सरळ आहे की खाली जाड होत गेलेली? चाकाचा आस बारीक आहे की जाड? ब्रेक डिस्कचा आहे की रिमला धरणारा? यातलं एक जरी चुकलं, तरी महागातला महाग चिमटाही कपाटावर ठेवायच्याच कामाचा!

आणि सगळ्यांत मोहाची गोष्ट म्हणजे हालचाल. चिमटा किती मिलिमीटर दबू शकतो, ते माप. भाच्याला वाटत होतं, जितका जास्त दबेल तितका भारी. त्याला दीडशेचा हवा होता. पण त्यांच्या सायकलचा सांगाडा शंभर मिलिमीटरच्या चिमट्यासाठी बनवलेला. लांब चिमटा लावला, की सायकलचं तोंड वर उचललं जातं, वळताना ती जड वाटते आणि गळ्याच्या जोडावर नको तेवढा ताण येतो. आईबाबांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. दुकानात सगळ्यांत मोठं ते चांगलं असं नसतं, आपल्या सायकलला बसेल ते चांगलं.

शेवटी शंभर मिलिमीटरचा, हवेचा चिमटा घेतला. हवेचा म्हणजे काय? स्वस्त चिमट्यात पोलादी स्प्रिंग असते. यात स्प्रिंगच्या जागी कोंडलेली हवा असते. सायकलच्या पंपाचं तोंड झाकून दांडा दाबून बघा. आत जाता जाता तो परत उसळतो ना? तेच तत्त्व. ही कल्पना सायकलवर आली, ती मोटारसायकलवरून. अमेरिकेत पॉल टर्नर नावाचे गृहस्थ मोटोक्रॉसच्या गाड्यांवर काम करत. त्यांनी १९८९ साली 'रॉकशॉक्स' ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी, १९९० साली, कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथे उताराच्या शर्यतीत पहिला आलेल्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलला असाच धक्के झेलणारा चिमटा होता.

चिमटा बसवला गावातल्याच एका मिस्त्रींनी. नवी नळी लांब असते, ती मापाने कापावी लागते. मिस्त्रींनी जुन्या नळीशी ताडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग करवत लावली. "एकदा कापलं की चिकटवता येत नाही, मामा!" ते म्हणाले. कापलेली कड त्यांनी कानशीने घासली, खालची वाटी ठोकून बसवली, बोल्ट आवळले. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली. गळ्यात कुठे खुळखुळ नाही ना, ते बोट लावून पाहिलं. (हे काम तुम्ही एकट्याने करू नका हं! समोरचं चाक निसटलं, तर सगळा खेळ आटोपला.) भाचा सायकलवर बसला, हवा भरली, दोन-तीनदा दाबून पाहिलं. ऐटबाज!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो धाराशिवची लेणी बघायला. शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात, काळ्या दगडात कोरलेली ही जुनी लेणी आहेत. आधी बौद्ध आणि नंतर जैन झाली असावीत, असं अभ्यासक मानतात. आत पार्श्वनाथांची मूर्ती आहे. सायकली बाहेरच ठेवायच्या आणि पायी आत जायचं. बाहेर उन्हाचा चटका आणि आत पाऊल टाकलं, की माठातल्यासारखा गारवा!

जाताना नवी सायकल भाच्याकडे होती. डांबरी रस्ता सोडून आम्ही शेताकडेच्या मुरमाच्या वाटेला लागलो, तर हा पठ्ठ्या गाणं म्हणत चाललाय. "मामा, कळतबी नाही खाली दगड आहेत का नाहीत!" परत येताना सायकल भाचीकडे आली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामा, हात दुखायलेत."

मी काय म्हणालो असेन? तेच, जे आपण मोठी माणसं म्हणतो. "अगं, सवय नाही तुला. होईल सवय." भाचा म्हणाला, "मला तर काहीच झालं नाही. तुला नीट धरताच येत नाही!" ती गप्प बसली. पुढे एक उताराचं वळण होतं. सुट्या मुरमावर पुढचं चाक टण्णकन उसळलं, बाजूला सरकलं आणि भाची खाली. डोक्यावर हेल्मेट होतं आणि वेग कमी होता, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. पण ती उठून सायकल दादाच्या हातात देत म्हणाली, "मला नकोच ही. तूच चालव."

खरं सांगतो, तिच्या कोपरापेक्षा मला या शब्दांचंच जास्त लागलं. वर्षभर पैसे तिनेही साठवले होते.

संध्याकाळी ती अंगणात सायकल पुसत बसली होती. रागावली असली तरी पुसत होतीच! एकदम तिने हाक मारली. चिमट्याच्या चकचकीत पायावर रबराची एक बारीक कडी असते. चिमटा दबला, की ती वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. म्हणजे चिमटा जास्तीत जास्त किती दबला, याची खूणच. "मामा, दादा लेण्यांपाशी पोचला तेव्हा मी ही कडी बघितली होती. पार वर गेली होती. मग मी ती खाली ओढली. आता माझ्या वेळची बघ, अर्ध्यातच थांबलीय. माझ्या वेळी चिमटा अर्धाच का दबला?"

पट्टी आणली. शंभरपैकी जेमतेम पंचेचाळीस मिलिमीटर. वाट तीच, दगड तेच, तरी हिच्यासाठी निम्मा चिमटा कामालाच आला नव्हता! मग दोघांची वजनं केली. भाचा बासष्ट किलो, भाची एक्केचाळीस. आणि हवा? भाच्याच्या वजनाला भरलेली, पंच्याऐंशी पीएसआय. त्याला जी गादी वाटत होती, तीच हिला लाकडी फळी होती. आणि चाक दबत नसेल, तर ते दगडावरून उसळणारच!

म्हणजे हात कच्चे नव्हते. चिमटा तिच्यासाठी लावलेलाच नव्हता. मी तिची माफी मागितली. भाच्याने मागितली नाही, पण पंप धावत जाऊन आणला. माफी मागायची त्याची ती पद्धत!

आता हवा किती हवी, ते ठरवायचं कसं? सोपं आहे. सायकल भिंतीच्या आधाराने उभी करा. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, सगळं घालून तिच्यावर चढा आणि दोन्ही पायडलांवर, चालवताना उभे राहता तसे, उभे राहा. कोणाला तरी ती रबरी कडी खाली सरकवायला सांगा. मग न उसळता, हळूच उतरा. नुसत्या तुमच्या वजनाने चिमटा किती बसला, ते कडी सांगेल. आपल्याकडच्या वाटांना शंभरात साधारण वीस मिलिमीटर बसला, तर सुरुवातीला ठीक. भाचीच्या वजनाने तो बसला होता फक्त दहा! थोडी थोडी हवा सोडत गेलो आणि साठाच्या आसपास आल्यावर कडी बरोबर विसावर थांबली. (यासाठी चिमट्याचा वेगळा बारीक पंप लागतो. टायरच्या पंपाने हे काम नीट होत नाही.)

एवढ्यावर संपलं नाही. चिमट्याच्या पायाशी एक छोटं बटण असतं. दबलेला चिमटा किती वेगाने परत वर यावा, ते यावरून ठरतं. त्याच्यावर काय चित्र होतं, सांगा बरं? एका बाजूला ससा, एका बाजूला कासव! फार सशाकडे फिरवलं, तर चाक चेंडूसारखं उसळतं. फार कासवाकडे फिरवलं, तर एका दगडातून चिमटा सावरायच्या आत दुसरा दगड येतो. हवा कमी केली, की चिमट्याला वर यायला जोरही कमी मिळतो. म्हणून भाचीसाठी बटण दोन घरं सशाकडे सरकवलं. रस्त्याच्या कडेच्या पायरीवरून सावकाश उतरून पाहिलं. एक उसळी आणि चाक शांत! भाची काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात उभी होती. "तेरला जाऊ या?"

तेर धाराशिवच्या ईशान्येला, तेरणा नदीच्या काठी आहे. संत गोरा कुंभारांचं हे गाव. पण त्याची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या लेखकाने 'पेरिप्लस' नावाचं, समुद्रमार्गाने चालणाऱ्या व्यापाराचं वर्णन लिहिलं. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं शहर असल्याचं सांगितलं आहे. तेच आजचं तेर! तगरचं कापड गाड्यांत घालून, जिथे धड रस्तेच नाहीत अशा मुलखातून, थेट भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. विचार करा, बिनकमानीच्या गाड्या आणि तेवढी वाट! आजही गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या मातीच्या मूर्ती, मणी अशा वस्तू बघायला मिळतात.

वाटेत आम्ही मुद्दाम काळ्या मातीतल्या गाडीवाटेने गेलो. पावसाळ्यात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगडासारख्या झालेल्या. भाची पुढे, आम्ही मागे. तिचं पुढचं चाक खालीवर होत होतं, पण हँडल शांत. (पावसात मात्र अशा वाटेला जाऊ नका. काळी माती चाक आणि चिमट्याच्या मध्ये अशी बसते, की चाक फिरणंच बंद!)

तेरच्या चौकात चहा पिताना मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यातून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरला जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली बार्शीपर्यंत पहिला टप्पा सुरू झाला, १९११ साली ती लातूरला पोचली. रूळ हलके, म्हणून कॅलथ्रॉपने इंजिन काय आणि डबा काय, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, अशी सगळी मांडणी केली. आधी वजन किती आणि ते कुठे पडणार, हे बघितलं आणि मग गाडी बनवली. पुढे २००७-०८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि धाराशिव शहरातून जाऊ लागला.

"म्हणजे त्याने आधी वजनं केली," भाची म्हणाली. "आपण चिमटा लावल्यावर केली!" मी चहाच्या कपात तोंड घातलं.

आता त्यांच्या घरी सायकलच्या खुंटीला एक वही टांगलेली असते. त्यात दोन रकाने आहेत. दादा : पंच्याऐंशी, ताई : साठ. कोणाची पाळी आहे ते बघायचं, हवा आणि बटण लावायचं, बोल्ट आणि ब्रेक तपासायचे, परत आल्यावर चिमट्याचे पाय कोरड्या फडक्याने पुसायचे. धूळ राहिली, तर आतलं रबर खराब होतं. दोन मिनिटांचं काम!

तर मित्रांनो, तुमच्याकडे अशी सायकल असेल, तर आज संध्याकाळीच कोणाला तरी मदतीला घ्या आणि आपला चिमटा आपल्या वजनाने किती बसतो, ते मोजा. चिमट्याला कडी नसेल, तर पायाभोवती एक दोरा बांधा, तोही चालतो. आणि तुमच्या धाकट्या बहिणीचे किंवा भावाचे हात दुखत असतील, तर "सवय होईल" म्हणण्याआधी आकडा बघा.