ढोल काय बोलला?

'जुजू' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आमच्या विंगमध्ये मी हा प्रश्न विचारला तेव्हा चार उत्तरं मिळाली. काळी जादू, मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतली ती अंड्यासारख्या डोक्याची पांढरी माणसं, कुणाच्या तरी भाचीचं लाडाचं नाव, आणि 'झोपू दे रे, उद्या व्हायवा आहे!'

मित्रांनो, चारही उत्तरं चूक. जुजू हे नायजेरियातल्या योरूबा लोकांचं संगीत आहे. आणि हा लेख जरी संगीतावर असला तरी मला त्यातला 'सा' कळत नाही. शिवाय मी पडलो कॉन्व्हेंटचा. आमच्या शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड असायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, राहून गेल्या असतील तर मला माफ करा. इंग्लिश सेक्शन सोडून मी इकडे का आलो ते पुढे कळेलच.

झालं असं की सेकंड इयरला माझ्या शेजारच्या खोलीत लागोसचा एक मुलगा राहायला आला. (नाव लिहू नको म्हणालाय. होस्टेलवाल्यांना कळेलच, एवढा उंच आपल्याकडे दुसरा कोण आहे?) पहिल्याच आठवड्यात, सबमिशनच्या आदल्या रात्री, भिंतीपलीकडून गिटारचा आवाज यायला लागला. साडेअकरा झाले, बारा झाले, गाणं काही संपेना. माझी अर्धी जर्नल्स बाकी. शेवटी तणतणत जाऊन दार वाजवलं आणि म्हटलं, "अरे, एकच गाणं किती वेळा लावशील?" तो शांतपणे म्हणाला, "एकदाच लावलंय. अजून संपायचंय."

ते होतं किंग सनी अडे. आणि खरंच, ते एकच गाणं होतं. सत्तरच्या दशकातल्या त्याच्या नायजेरियातल्या रेकॉर्डवर एका बाजूला एकच सलग गाणं असायचं, पंधरा-वीस मिनिटांचं. एका ओळीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, मध्ये थांबणं नाही. चार-पाच गिटार, प्रत्येकीचा एक छोटासा तुकडा, सगळे एकमेकांत अडकवलेले. त्यांच्यावरून तरंगत जाणारी एक पेडल स्टील गिटार. मागून कोरस. आणि तळाशी ढोल. त्या रात्री मी जर्नल्स त्याच्या खोलीत बसून पूर्ण केली. फॅन झालो तो तिथेच!

मग आमच्यात तिसरा माणूस आला. इबादानचा, पीएच.डी. करणारा. माझा मित्र त्याला 'एग्बॉन' म्हणतो, म्हणजे थोरलं भावंड. मी सरळ 'दादा' म्हणायला लागलो. दोघांची पहिली भेट झाली तेव्हा मित्राने त्याच्यापुढे चक्क जमिनीला हात लावला. योरूबा मुलांनी थोरल्यांना असाच नमस्कार करायचा असतो म्हणे. मला एकदम गणपतीत गावी गेल्यासारखं वाटलं.

तिघे जमलो की वाद ठरलेला. खरा सनी अडे कुठला? माझ्या मित्राचं उत्तर ठरलेलं, १९८२ चा 'जुजू म्युझिक' हा अल्बम. बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला. त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या आयलंड रेकॉर्ड्सने त्यानंतर सनी अडेशी करार केला. सगळ्या जगाला ऐकवता यावा म्हणून हा अल्बम काढला, सात गाण्यांचा. त्याच्या पाठोपाठ १९८३ मध्ये 'सिंक्रो सिस्टम' आला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १९८४ च्या 'ऑरा'मध्ये तर स्टीव्ही वंडरने माउथ ऑर्गन वाजवलाय. त्याच्यानंतर मात्र कंपनीने हात काढून घेतला. एवढे पुरावे देऊन मित्र म्हणायचा, "आमचा माणूस अख्ख्या जगाने ऐकला, अजून काय पाहिजे?"

दादा त्यावर हसायचा. त्याचं म्हणणं, ते अल्बम म्हणजे मुद्दाम कापून लहान केलेली गाणी. नायजेरियात गाजलेल्या चालीच घेतल्या, आखूड केल्या आणि वर स्टुडिओतली कलाकुसर केली. "अरे, खरा सनी अडे रेकॉर्डवर नाहीच. तो पार्टीत आहे." ओवाम्बे, म्हणजे लग्न, बारसं, घर बांधलं, काहीही निमित्त काढून रस्त्यावर मांडव टाकून केलेली दणदणीत पार्टी. अख्खं कुटुंब एकाच कापडाचे कपडे शिवून येतं. त्या प्रथेला आसो एबी म्हणतात. बँड रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गायक समोरच्या माणसाचं नाव घेतो, त्याच्या बापाचं घेतो, आजोबांचं घेतो, त्यांच्या गावाची आणि पराक्रमाची स्तुती गातो. या घराण्याच्या स्तुतीला 'ओरिकी' म्हणतात. पोवाडाच समजा, पण प्रत्येक घराचा वेगळा! तो माणूस मग उठतो, नाचत नाचत पुढे येतो आणि गायकाच्या घामेजल्या कपाळावर एकेक नोट चिकटवतो. नायजेरियात २००७ पासून कायद्याने यावर बंदी आहे. नोटा उधळल्या तर सहा महिने कैद किंवा निदान ५०,००० नायरा दंड. तरी लोक ऐकतात होय!

मित्र म्हणायचा, "पण पार्टी संपली की संपलं. रेकॉर्ड राहते." दादा म्हणायचा, "राहते, पण कुणाशी बोलत नाही." हा वाद आमच्या गच्चीवर निदान पन्नास वेळा झाला असेल. मी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. चहा ज्याच्या पैशाने आलेला असेल त्याच्या बाजूला.

आता थोडं आपल्या सिलॅबसमधलं. तळाशी जे ढोल वाजतात त्यांना 'बोलके ढोल' म्हणतात. आकार डमरूसारखा, मध्ये बारीक. दोन्ही तोंडांना चामडं आणि दोन्ही चामडी लांब वाद्यांनी एकमेकांना बांधलेली. ढोल काखेत धरायचा, वाकड्या काठीने वाजवायचा आणि हाताने वाद्या दाबायच्या. दाबल्या की चामड्याचा ताण वाढतो आणि सूर चढतो, सोडल्या की उतरतो. ताण चौपट केला की फ्रिक्वेन्सी दुप्पट. ई अँड टी.सी.वाल्यांनो, हे शुद्ध फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन आहे, फक्त लॅबमध्ये नाही, काखेत!

पण बोलका का? तर योरूबा भाषेत सुरावर अर्थ ठरतो. वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर. 'ऑको' हा एकच शब्द घ्या. शेवट मधल्या सुरात ठेवला तर नवरा, वर नेला तर कुदळ, खाली नेला तर गाडी! (दादा म्हणतो, लग्नानंतर तिन्ही एकच.) ढोल हेच सूर वाजवतो, म्हणून ऐकणाऱ्याला शब्द ऐकू येतात. नुसत्या सुरांवरून एकटा शब्द ओळखणं अवघड, म्हणून वादक सुटा शब्द न वाजवता म्हणी आणि ओरिकीची आख्खी वाक्यं वाजवतो. तेव्हा ढोल नुसता ताल धरत नाही, नावं घेतो, टोमणे मारतो, चौकश्या करतो.

हे सगळं दादाने मला सांगितलं. मित्राने नाही. कारण मित्राला ढोलाचं बोलणं कळतच नाही! हे मला फार उशिरा कळलं. तो लागोसच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकला. तिथे वर्गात योरूबा बोललं की शिक्षा. आईवडील घरीही त्याच्याशी इंग्लिशच बोलायचे, पोरगं पुढे जावं म्हणून. कामापुरती योरूबा येते, पण ढोलाची योरूबा जुनी, म्हणींनी भरलेली. एवढा सनी अडेचा भक्त, सगळ्या रेकॉर्ड पाठ, आणि तळाशी कोण काय बोलतंय ते त्याला माहीत नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे दोन रुपये दंड होता." तो म्हणाला, "आमच्याकडे छडी होती." दोघंही हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

गेल्या सेमिस्टरला अबेओकुटाला त्याची आजी वारली. लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे काढलेल्या. योरूबा लोकांमध्ये म्हातारं माणूस भरल्या घरात गेलं तर अंत्यविधीनंतर मोठा समारंभ करतात, बँड बोलावून. तारीख नेमकी आमच्या एंड-सेममध्ये आली. तिकिटाचे पैसे आणि दोन पेपर, दोन्हींचा हिशेब बसेना. तो गेला नाही. कुणाशी बोलला पण नाही. मेसमध्ये यायचा, जेवायचा, जायचा.

घरून मोबाईलवर एक व्हिडिओ आला, जेमतेम चार मिनिटांचा. सगळे एकाच निळ्या कापडात. बँड अर्थात सनी अडेचा नव्हता, तो कुठून परवडायला! गावातलाच, पण त्याच चालीवर वाजवणारा. व्हिडिओत त्याचे काका नाचतायत आणि एक ढोलवाला अगदी त्यांच्या कानाशी येऊन वाजवतोय. मित्राने तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल ते देव जाणे. भिंतीपलीकडून रोज रात्री मलाच पाठ झाला होता.

परीक्षा संपल्यावर गच्चीवर त्याने तो दादाला दाखवला. दादाने एकदा बघितला. मग म्हणाला, "परत लाव." मग मोबाईल कानाला लावून, डोळे मिटून ऐकला. मग हळूहळू सांगायला लागला. "आता तुझ्या आजीची ओरिकी चाललीये. आता तिच्या माहेरची. आता तुझ्या काकांना नाचवतोय." आणि मग थांबला. म्हणाला, "इथे तो विचारतोय, पाण्यापलीकडे गेलेला नातू कुठे आहे? त्यालाही सांगा, म्हातारी त्याच्यावर खूश होऊन गेली."

कुणी काही बोललं नाही. काकांनीच ढोलवाल्याला सांगून ठेवलं असणार. सगळ्या पार्टीसमोर त्याला हाक मारली होती. ती हाक त्याच्या खिशात होती, रोज रात्री वाजत होती, आणि त्याला ती ऐकू आली नव्हती. बऱ्याच वेळाने तो दादाला एवढंच म्हणाला, "म्हणजे रेकॉर्डसुद्धा बोलते." दादा म्हणाला, "हो. चुकलं माझं."

पन्नास वेळा झालेला वाद असा संपला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी माझे आजोबा गेले. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या दिवसांत मंडळ घरी आलं आणि रात्रभर ओटीवर भजन झालं. माझी भाषा, माझे आजोबा, माझं घर. आणि मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. मला ते जुनं मराठी कळत नाही म्हणून कंटाळा आला होता. मंडळींनी आजोबांसाठी काय काय म्हटलं, मला माहीत नाही. कुणी रेकॉर्ड केलं नाही. माझ्या मित्राकडे निदान चार मिनिटं आहेत. दादा शेजारच्या होस्टेलला आहे. मी तर दारापलीकडेच होतो.

दुसऱ्या दिवशी मित्र वही घेऊन दादाकडे गेला. आता रविवारी त्यांचा योरूबाचा क्लास असतो. अभ्यासाला १९९८ चा 'ओडू' लावलाय. पारंपरिक योरूबा गाण्यांचा हा सनी अडेचा अल्बम, याचंही ग्रॅमीला नामांकन झालं होतं. तासभर ऐकून तीन वाक्यं कळतात. ती कळल्यावर तो जो ओरडतो ते रेक्टर सरांनी ऐकलंच असेल. सर, आवाजाबद्दल माफी असावी, पण कारण हे आहे.

आणि मी गावी मंडळातल्या अण्णांना फोन केला. विचारलं, "आजोबांच्या वेळी तुम्ही काय म्हटलं होतं, आठवतंय का?" ते म्हणाले, "आता कसं आठवणार रे बाळा, रात्रभर बसलो होतो. पण दर एकादशीला बसतो आम्ही. तू ये, परत म्हणू."

सुट्टीत जातोय. मित्रही येतोय, त्याला पखवाज बघायचाय. मोबाईलवर रेकॉर्डिंग तो करणार आहे. मी करणार नाही. मी ओटीवर बसून ऐकणार आहे. नाही कळलं तर शेजारच्याला विचारीन. त्याला दंड नाही ना?

— तृतीय वर्ष, ई अँड टी.सी.