मोठं आलं

घाटकोपरला आमच्या इमारतीवरून विमानं उतरणीला लागायची. बाकीची विमानं आली काय, गेली काय, कुणी मान वर करत नसे. जंबो आलं की मात्र मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणायची, आणि आजी हातातलं काम थांबवून म्हणायची, "मोठं आलं." तेवढं ऐकलं की आम्ही भावंडं गच्चीकडे पळत सुटायचो. पोटाखाली सुटलेली चाकं मोजायची आमची शर्यत असे. मागची सोळा, पुढची दोन, एकूण अठरा. पण मोजणी पुरी व्हायच्या आत विमान समोरच्या टाक्यांआड गेलेलं असायचं, आणि कोण किती मोजू शकलं यावरून जिन्यातच भांडण जुंपायचं.

एअर इंडियाचं पहिलं जंबो 18 एप्रिल 1971 रोजी मुंबईत उतरलं. नाव 'सम्राट अशोक'. हवाई दलाच्या दोन मिग विमानांनी त्याला सोबत करत आणलं होतं. पुढं एकेक सम्राट येत गेला: शहाजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कनिष्क. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची महिरप काढलेली असे. लांबून पाहिलं तर एखाद्या वाड्याची भिंतच आकाशातून सरकते आहे असं वाटायचं. राजेंद्र चोल कोण हे शाळेत शिकायच्या आधी तो आमच्या डोक्यावरून जातो हे आम्हाला ठाऊक होतं.

त्यातला अशोक 1 जानेवारी 1978 च्या रात्री गेला. दुबईला निघालेलं विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 माणसं होती, एकही वाचलं नाही. विमान कुठल्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं, आणि बाहेर अंधारात समुद्र कुठला, आकाश कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर मोठ्यानं वाचला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस भांडी किणकिणली की आजी काही बोलत नसे. आवाज पार विरेपर्यंत ओट्याला हात टेकून उभी राही, मग पुन्हा कामाला लागे.

तरी आमच्यासारख्या घरांची माणसं परदेशी गेली ती जंबोमुळेच. त्याआधी विलायतेला जायचा तो डॉक्टर नाहीतर बॅरिस्टर, तोही बहुधा बोटीनं, बॅलार्ड पिअरवरून. जंबोत एकदम साडेतीनशे-चारशे माणसं मावू लागली, दर आवाक्यात येऊ लागले. आधी शिकायला मुलगे गेले, मग लग्न होऊन मुली गेल्या, आणि मुलींमागोमाग त्यांच्या आया. हा तिसरा प्रवास मला सगळ्यात मोठा वाटतो. ज्यांनी पुण्याच्या पलीकडे एकटीनं कधी प्रवास केला नव्हता, अशा साठीच्या बायका लेकीच्या बाळंतपणासाठी नऊवारी नेसून न्यू जर्सीला जाऊन आल्या. त्यांच्या धाडसाबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

आमची आजी गेली ऑक्टोबर 1984 मध्ये. तिकीट न्यू जर्सीच्या आत्यानंच पाठवलं होतं. पंधरा दिवस घर नुसतं सुंठीच्या आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वासात होतं. डिंकाचे लाडू, खारकेची पूड, मेतकूट, भाजणी, बाळाची दुपटी, शिवाय मुंडावळ्या बांधून ठेवाव्यात तशी जपून गुंडाळलेली बाळघुटीची सहाण. बॅग न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढे, काटा पुढं जाई, एक डबा बाहेर निघे. बाबांची पाठ वळली की तोच डबा पुन्हा आत जाई.

सहारला पोचवायला आम्ही सतरा जण गेलो. दोन टॅक्सी आणि शेजारच्या काकांची फियाट. रात्रीची वेळ, लहान मुलं पेंगुळलेली. आजीच्या हातावर दही घरीच घातलं होतं, तरी थोरल्या काकूनं डबीतून पुन्हा आणलं होतं. आजीच्या खांद्याला एअर इंडियाची ती छोटी रेक्झिनची पिशवी होती, महाराजाची. पिशवीच्या पुढच्या कप्प्यात बाबांनी चौघडी केलेला कागद ठेवला होता. मोठ्या, सुट्या अक्षरांत इंग्रजीत तीन वाक्यं: मला इंग्रजी येत नाही. मी शाकाहारी आहे. मला न्यू यॉर्कला उतरायचं आहे, माझी मुलगी बाहेर उभी असेल. कुणालाही दाखव, बाबा म्हणाले. आजीनं मान हलवली आणि काचेपलीकडे गेली. वळून पाहिलं, तेव्हा आम्ही सतराही जण हात हलवत होतो.

एप्रिलमध्ये परतली ती गोष्टी घेऊनच. पुढं महिनाभर रोज रात्री जेवणं झाली की विमान सुरू. आतलं सगळं तिनं आम्हाला पाटावर बसून दाखवलं: इकडे तीन माणसं, मधे चार, तिकडे तीन. कानात घालायची नळी डॉक्टरच्या नळीसारखी. पडद्यावर सिनेमा, पण पुढच्या माणसाचं डोकं मधे. मागच्या बाजूला लोक सिगारेटी ओढत होते, म्हणून तिनं पदर नाकाशी धरला तो थेट लंडनपर्यंत. पण या सगळ्यात तिला खरं ओढून घेतलं होतं ते जिन्यानं. "विमानात माडी होती रे! गोल जिना, वर माडी!"

ती माडी तिथं का आली हे मला फार पुढं कळलं. अभियंते जो सटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विमान आखलं तेव्हा, पुढं सगळे प्रवासी आवाजाहून वेगवान विमानांतून जातील आणि जंबो माल वाहायला राहील असा अंदाज होता. सामान थेट नाकाडातून भरता यावं म्हणून वैमानिकांची खोली वर नेली, आणि तिच्या मागे जागा उरली. सामानाच्या हिशेबानं उरलेली ती जागा आमच्या आजीची माडी झाली.

ती परतून दोन महिने झाले होते. 23 जून 1985. आयर्लंडजवळ समुद्रावर 'कनिष्क' बॉम्बनं फुटलं. 329 माणसं गेली. कॅनडातून सुट्टीला आजोळी निघालेली कितीतरी मुलं त्यात होती. म्हणजे कुठल्या तरी घरी त्यांच्यासाठी लाडू वळून झाले असणार, विमानतळावर घ्यायला जायच्या टॅक्सीचं ठरलं असणार. आजी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "अरे, मी कुठल्या राजातून आले रे?"

बाबांनी तिकिटाचं लाल कार्बनचं पुस्तक काढलं, बोर्डिंग पासचं अर्धुक काढलं. त्यावर फ्लाइटचा नंबर होता, आसनाचा नंबर होता. राजाचं नाव नव्हतं. "नाही गं लिहिलेलं, आई," ते म्हणाले.

22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचं शेवटचं जंबो मुंबईहून कायमचं गेलं. ते पुढच्या पिढीतलं, राजांच्या नावाचं नव्हे. वर चढता चढता त्यानं एक पंख खाली झुकवला, मग दुसरा. तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला तेव्हा आत्यानं न्यू जर्सीहून लगेच लिहिलं, "आईची पिशवी आहे का रे तुझ्याकडे?"

आहे. रेक्झिन तडकलंय, महाराजाचा अर्धा फेटा उडालाय. पुढच्या कप्प्यात तो कागदही आहे. घड्यांवर फाटलेला, पण बाबांची तीन वाक्यं अजून स्वच्छ वाचता येतात. आत्याला फोटो पाठवायला म्हणून उलटा केला, तर मागे पेन्सिलीनं आजीचं अक्षर होतं, विमानाच्या थरथरीनं थोडं हललेलं:

ढग खाली. वरण नव्हतं. जिना – मुलांना सांगणे.