सार्वजनिक चार्जिंग म्हणजे कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहार कमिटीने एका तरुणाला ‘नाही’ म्हटले. त्यात आमचेही मत होते. हे आधी कबूल करतो, मग पुढचे बोलतो.

तो तरुण चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामगार. नाणेकरवाडीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. पेट्रोल परवडेना म्हणून हप्त्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घरमालक म्हणाला, “मीटर माझ्या नावावर आहे, वायर खाली सोडायची नाही.” कंपनीत कायम कामगारांच्या गाड्या गेटच्या आत, कंत्राटींच्या बाहेर रस्त्यावर. शेवटी तो विहारात आला. आम्ही आनंदाने प्लग दिला. महिनाभरात एका गाडीच्या चार झाल्या. पोरं पैसे द्यायला तयार होती, पण जुन्या वायरिंगवर लोड आला की फ्यूज उडायचा आणि अभ्यासिकेतली मुलं अंधारात बसायची. अभ्यासिका की स्कूटर? आम्ही अभ्यासिका निवडली. पण ही निवड आमच्यावर आलीच का?

महामार्गालगतची हॉटेले, मॉल इथे चार्जिंग स्टेशन आहेत. पण तिथली जाड गन मोटारीची. ती याच्या स्कूटरला बसत नाही. आकुर्डीत चेतक बनते, चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक मोटारी बनतात. आणि ज्या हातांनी हा पट्टा चालतो, त्यांना रात्री प्लग शोधत फिरावे लागते.

“घरीच चार्ज करा की!” असे आमचे काही सुशिक्षित मित्र म्हणतात. नियमही घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करू देतो. पण ज्याचे घरच त्याच्या नावावर नाही, त्याने काय करायचे? राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात दुचाकीला खरेदीत सवलत आहे, हे खरे. पण टोलमाफी पाहा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही!

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. 1923 ला बोले ठराव झाला, 1924 ला महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी 1927 पर्यंत आपल्या माणसाला पाणी घेता आले नाही. पाण्याची आणि प्लगची बरोबरी आम्ही करत नाही. तिथे माणूसपण नाकारले होते. पण धडा तोच आहे: कागदावर ‘सार्वजनिक’ लिहिले म्हणजे ते सर्वांचे होत नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण त्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. म्हणजे वीज ही सार्वजनिक जबाबदारी. ती विहाराच्या वर्गणीवर किंवा घरमालकाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नव्हे.

उपाय अवघड नाही. दुचाकी-तिचाकीसाठी साधा, कमी खर्चाचा चार्जिंग पॉइंट कसा असावा, याचे भारतीय मानक 2021 पासून आहे. सरकारी यंत्रणेने मनावर घेतले तेव्हा 2019 मध्ये निगडी डेपोत पीएमपीएमएलच्या ई-बससाठी चार्जिंग उभे राहिलेच. मग चाकण बसस्थानकावर, एमआयडीसीच्या रस्त्यांवर, पिंपरीच्या पुनर्वसन इमारतींखाली दुचाकीचे पॉइंट का नाहीत?

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच. चाकण नगरपरिषद, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि एमआयडीसी या तिघांकडे माहिती अधिकारात विचारा: सार्वजनिक चार्जिंगची ठिकाणे किती, त्यांतली दुचाकीला चालणारी किती, कामगार वस्तीपासून किती अंतरावर? उत्तर आले की निवेदन, निवेदनाला दाद नाही मिळाली की मोर्चा.

त्या तरुणाने स्कूटर विकायला काढली आहे. हप्ते अजून बाकी आहेत. पहिला अर्ज आम्ही त्याच्याबरोबर बसून लिहिला. दुसरा तुम्ही लिहा.

जय भीम.